घरची भाषा आणि बालवाडीची भाषा



दरवर्षी जून महिना लागला म्हणजे पुष्कळ घरांत एक लहानसा सोहळा होतो. तीन वर्षांच्या बाळास नवे कपडे घालतात, देवास नमस्कार करावयास लावतात, खांद्यास पाण्याची बाटली अडकवितात आणि बालवाडीच्या दारापर्यंत त्यास पोहोचवून देतात. दाराशी आईचे बोट सुटते व बाळ रडू लागते. हे रडे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ते आठ-पंधरा दिवसांत थांबतेही. परंतु काही मुलांचा आईच्या बोटाबरोबर दुसराही एक आधार सुटतो. आत गेल्यावर ‘ये’, ‘बस’, ‘पाणी हवे का’ असे जे बोल त्यांच्या कानी पडतात, ते त्यांच्या घरचे नसतात. ज्या शब्दांनी त्यांस आजवर आपली भूक सांगता आली, हट्ट करता आला, भीती वाटली तर कोणास हाक मारता आली, ते सारे शब्द दाराबाहेर राहतात. अशा मुलांविषयी, आणि त्यांच्या बाबतीत शिक्षिकांनी व आई-बापांनी काय करावे ह्याविषयी, आज मी आपणांशी बोलणार आहे.

मी कोणी भाषापंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिरलो आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तेथूनच निवृत्त झालो. मधल्या काळात पहिलीच्या वर्गात मुळाक्षरे गिरविण्यास बसलेली बरीच मुले पाहिली. निवृत्तीनंतर आमच्या भागातील एका बालवाडीत आठवड्यातून तीन सकाळी मुलांस गोष्टी सांगावयास जातो. पुस्तकांतून जे थोडेबहुत वाचले, ते ह्या अनुभवाशी ताडून पाहिले आहे. आणि जे ताडता आले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम, ही मुले कोणती ते पाहू. एक आपल्याच घरातले. घरात सगळे मराठी बोलणारे, आणि मूल मात्र तिसऱ्या वर्षी इंग्रजी शिशुवर्गात. दुसरे आपल्या इमारतीच्या रखवालदाराचे, समोरच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईचे. त्याची घरची बोली कानडी, तेलुगू, भोजपुरी वा लमाणी, आणि बालवाडी मराठी. तिसरे आपल्या दृष्टीस सहसा न पडणारे. मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीकडील गोंड किंवा माडिया मूल. त्यांच्या अंगणवाडीच्या दारावरील पाटी मराठीत असते आणि घरची भाषा मराठीच्या कुळातीलही नसते. कोरकू ही संथाळी व मुंडारी ह्यांच्या कुळातील. गोंडी ही तेलुगू-कानडीच्या द्राविडी कुळातील. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांवर आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख नोंदले गेले. त्याच जनगणनेत प्रत्येकी दहा हजारांवर बोलणारे असलेल्या मातृभाषा साऱ्या देशांत २७० भरल्या. मुंबई महानगरपालिका आपल्या शाळा आठ माध्यमांतून चालविते; तरीही ह्या एका शहरातील मुलांच्या घरी ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांस आठ ही संख्या पुरत नाही. तेव्हा हा प्रश्न कोठल्या तरी दूर देशातला आहे असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या जिन्याखाली उभा आहे.

ह्या तिन्ही मुलांची परिस्थिती निराळी आहे. आपल्या मुलाचे इंग्रजी अडले तर घरी आई-बाप मदतीस असतात. रखवालदाराच्या मुलाचे मराठी अडले तर त्याचे कोणी नसते. तथापि एक गोष्ट तिघांस सारखी लागू आहे. बालवाडीत येणारे मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. ते एक संपूर्ण भाषा घेऊन येते.

ही भाषा त्याने किती कष्टाने मिळविलेली असते, ह्याची आपणांस क्वचितच जाणीव असते. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज ह्या दोघा संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचा संबंध आपल्या त आणि ट ह्या दोन अक्षरांशी असल्यामुळे तो आपणांस विशेष मनोरंजक वाटेल. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसास हिंदीतील त आणि ट ह्यांतील भेद कानाने ओळखणे फार जड जाते. परंतु त्याच घरांतील सहा ते आठ महिन्यांची तान्ही मुले तो भेद सहज ओळखीत. वर्ष पुरे होत आले, की तीच शक्ती त्यांच्यातून बहुतेक मावळलेली असे. ह्याचा अर्थ असा की, पाळण्यात पडलेले मूल घरच्या भाषेचे ध्वनी निवडून वेगळे ठेवीत असते आणि जे ध्वनी त्याच्या कानी पडत नाहीत त्यांच्यावरून लक्ष काढून घेत असते. एक शब्दही बोलण्यापूर्वी त्याने एवढा अभ्यास केलेला असतो. पुढे तिसऱ्या वर्षी ते ‘मी जातो’ व ‘मी जाते’ ह्यांतील फरक न शिकविता पाळते. कोरकू मूल तर एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने बोलण्यात वापरते. आपणांस द्विवचन माहीत आहे ते संस्कृतच्या पाठ केलेल्या रूपांवरून. त्या मुलास ते आईच्या मांडीवर मिळालेले असते. अशा मुलास ‘ह्याला काही येत नाही’ असे म्हणणे हा केवळ अन्याय नव्हे, ती वस्तुस्थितीची चूक आहे. त्याला पुष्कळ येते. आपल्याला त्याची भाषा येत नाही.

दोन भाषांच्या मुलांविषयी तीन गैरसमज घट्ट बसलेले आहेत. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला गैरसमज असा की, लहानपणी दोन भाषा कानी पडल्या तर मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, ते उशिरा बोलू लागते व बुद्धीनेही मागे पडते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ विद्वानांचेही असेच मत होते. १९६२ साली एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनी माँट्रियल शहरातील दहा वर्षांच्या मुलांची काळजीपूर्वक तुलना केली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी मुले एकच भाषा येणाऱ्यांच्या मागे तर नव्हतीच, उलट बुद्धीच्या अनेक कसोट्यांत पुढे दिसली. दोन भाषांमुळे बुद्धीस लाभ होतो की नाही, आणि होत असल्यास किती, ह्याविषयी संशोधकांत आजही वाद आहेत. पण अपाय होत नाही, ह्याविषयी आता वाद उरलेला नाही. कानडी घरातील मूल ‘ताई, पाणी बेकु’ असे म्हणते, तेव्हा त्याचा गोंधळ झालेला नसतो. पाणी हा शब्द त्यास बालवाडीत मिळाला, ‘हवे’ ह्या अर्थाचा बेकु हा शब्द घरून आणला, आणि दोन्ही जोडून त्याने आपले काम भागविले. आपणही ‘उद्या ऑफिसला रजा टाकली आहे’ असे म्हणतोच की! मोजदाद करताना मात्र न्यायाने करावी. स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावे त्यास कानडीत येत असतील, बालवाडीतल्या वस्तूंची मराठीत. तर दोन्ही मिळून त्याचा शब्दसंग्रह मोजावा. एकच पारडे पाहून ‘वजन कमी आहे’ असे म्हणू नये.

दुसरा गैरसमज मौनाविषयीचा आहे. नव्या भाषेच्या वर्गात आलेली कित्येक मुले आरंभी मुळीच बोलत नाहीत. हे मौन काही आठवडे, केव्हा केव्हा काही महिनेही टिकते. ह्या काळात मूल रिकामे नसते. ते ऐकत असते, तोंडे न्याहाळीत असते, कोणत्या शब्दावर सगळे उठतात आणि कोणत्या शब्दावर बसतात हे टिपून ठेवीत असते. मी पाहिलेली एक मुलगी सांगतो. बांधकामावरील कानडी मजुराची ती मुलगी चार वर्षांची असेल. दिवाळीपर्यंत तिने बालवाडीत एक अक्षर उच्चारले नाही. कोणी तिला ‘मुकी’ म्हणू लागले. आणि तिला मतिमंदांच्या शाळेत धाडावे की काय, अशी कुजबूजही झाली. बालवाडीच्या मदतनीस बाई सोलापूरकडील होत्या, त्यांस कानडी येत असे. त्यांनी एके दिवशी संध्याकाळी तिच्या आईस सहज विचारले, ‘मुलगी घरी बोलते का?’ आई म्हणाली, ‘तोंड मिटत नाही. रोज रात्री भावाला समोर बसवून शाळा भरविते.’ आणि त्या घरच्या शाळेत ती गाणी मराठीत म्हणत होती! दिवाळीनंतर बाहुलीच्या कोपऱ्यात, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, ती बाहुलीस मराठीत दटावताना आम्ही ऐकले.

ह्यावरून एक व्यवहारोपयोगी नियम निघतो. मूल बालवाडीत बोलत नसेल, तर निदान करण्यापूर्वी आईस एकच प्रश्न विचारावा: ते घरी आपल्या भाषेत कसे बोलते? घरी मोकळेपणी बोलत असेल, तर काळजीचे कारण नाही, वेळ द्यावा. घरीही बोलत नसेल, हाकेस वळून पाहत नसेल, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. दोन भाषांवर दोष ढकलून हा तपास पुढे लोटला, तर त्या मुलाचे मोलाचे दिवस वाया जातात.

तिसरा गैरसमज सर्वांत बलवत्तर, आणि तो सुशिक्षित घरांत अधिक आढळतो. घरची भाषा जितकी लवकर सुटेल तितकी शाळेची भाषा लवकर येईल, असा तो आहे. जणू मुलाचे डोके म्हणजे एकच खण असलेली पेटी. जुने सामान काढल्यावाचून नवे मावणार नाही! वस्तुतः एका भाषेत कमावलेले ज्ञान दुसऱ्या भाषेस उपयोगी पडते. एक लहानसे उदाहरण घ्या. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे दोन शब्द निराळे आहेत. समोरच्यास धरून बोलावयाचे तर आपण, त्यास वगळून बोलावयाचे तर आम्ही. हिंदी घरातील मुलास घरी एका ‘हम’वर भागविण्याची सवय असल्यामुळे हा भेद नव्याने शिकावा लागतो. परंतु तेलुगू घरातील मुलास तो मुळीच शिकवावा लागत नाही. कारण त्याच्या घरी ‘मनमु’ आणि ‘मेमु’ अशी तंतोतंत हीच जोडी नांदत असते. त्यास नवे शिकावयाचे ते केवळ दोन शब्द. त्यांमागील विचार त्याने घरूनच आणलेला असतो. मोजणे, लहान-मोठे, वर-खाली, काल-उद्या, ‘जर पाऊस आला तर’, ह्या साऱ्या कल्पनांचे असेच आहे. पाच म्हणजे किती हे ज्यास एका भाषेत कळले, त्यास दुसऱ्या भाषेत पाचाचे नाव तेवढे सांगावे लागते. ज्यास कोठल्याच भाषेत ते नीट कळू दिले नाही, त्याच्या वाट्यास पोपटपंची येते.

बालशिक्षणाची आपल्याकडील परंपरा ह्या विचारास परकी नाही. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले, आणि मराठी ताराबाई मोडक त्या गुजराती वातावरणात त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच, मुलांस दोष देत न बसता, बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ ह्या शब्दाचे मूळ तेथे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. विकत आणलेल्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने व खडे आले. मुलाच्या आवारात जे आहे त्यावरच शिक्षण उभारावे, हे ह्या सर्वांमागील तत्त्व. तेच तत्त्व पुढे एक पाऊल नेले की भाषेचा प्रश्न सुटू लागतो. कारण मुलाच्या आवारातील सर्वांत मोठे शैक्षणिक साधन म्हणजे त्याची बोली.

आता प्रत्यक्ष काय करावे? बालवाडीच्या ताई ऐकत असतील तर त्यांस प्रथम सांगतो. तीस मुलांच्या वर्गात चार भाषा असतील, तर ताईंनी चार भाषा शिकाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक भाषेतील दहा शब्द शिकता येतात. पाणी, भूक, आई, ये, नको, दुखते, लघवीस जावयाचे, छान, घरी, उद्या. एवढे दहा शब्द मुलाचे पहिले पंधरा दिवस सुखाचे करतील. ते मुलाच्या आईकडून शिकावेत. ताई आपल्याकडून काही शिकतात हे पाहून त्या आईची मान थोडी ताठ होते, व ती पुढे बालवाडीत पाऊल टाकावयास भीत नाही.

मुलाचे नाव त्याच्या घरी जसे उच्चारतात तसेच उच्चारावे. बोलताना हातात वस्तू असावी किंवा कृती असावी. ‘चेंडू’ म्हणताना चेंडू दिसावा, ‘उडी मार’ म्हणताना आपण उडी मारावी. रोजचा क्रम ठरलेला असावा. हात धुणे, गाणे, खाऊ, गोष्ट हा क्रम एकदा अंगवळणी पडला, म्हणजे शब्द कळले नाहीत तरी पुढे काय होणार हे मुलास कळते, आणि मग शब्दही मागोमाग येतात. एकच गोष्ट आठवडाभर सांगावी. पहिल्या दिवशी मूल चित्र पाहते, तिसऱ्या दिवशी त्यास गोष्ट कळते, पाचव्या दिवशी ते तुमच्या आधी ‘धपकन’ म्हणते. एकाच भाषेची दोन मुले असतील तर त्यांस शेजारी बसवावे. त्यांनी आपसांत आपल्या भाषेत बोलण्यास हरकत घेऊ नये. आधी आलेले मूल नव्यास जे समजावून देते, ते आपणांस दहा वेळा सांगून साधत नाही.

चूक सुधारण्याची रीतही सौम्य असावी. हिंदी घरातील मूल ‘पुस्तक पडला’ असे म्हणाले, तर ‘असे नाही, असे म्हण’ म्हणून त्यास अडवू नये. ‘पुस्तक पडले होय? चल, उचलू’ एवढेच म्हणावे. योग्य रूप त्याच्या कानी पडले आणि बोलणे चालू राहिले, दोन्ही साधले. ‘ळ’ त्याच्या जिभेवर बसावयास वेळ लागेल. त्याची नक्कल करून हसू मात्र कोणास देऊ नये. तीन वर्षांच्या मुलास स्वतःच्या बोलीची लाज वाटावयास एक दिवसाचे हसू पुरते. ती लाज घालवावयास मात्र वर्षे लागतात.

आणखी एक. आठवड्यातून एकदा कोणाची आई, कोणाची आजी बोलवावी, आणि तिने तिच्या भाषेत एक गाणे म्हणावे. मराठी मुलांसही ह्याचा लाभ आहे. अक्का, अण्णा, तूप हे आपले घरगुती शब्द कानडीशी नाते सांगतात, हे त्यांस अशा वेळी सहज कळेल. आपल्या शेजारी बसणारा मुलगा ‘चुकीचे मराठी’ बोलत नसून एक निराळी भाषा बोलणारा आहे, हे ज्यास चौथ्या वर्षी समजले, तो मोठेपणी शेजाऱ्यांशी बरा वागेल.

आता माझे बोलणे सुशिक्षित आई-बापांशी आहे. मूल इंग्रजी शिशुवर्गात घातले, की पुष्कळ घरांत फर्मान सुटते: ‘आता घरीही इंग्रजीच बोलावयाचे.’ मग आई, जिचे इंग्रजी कचेरीपुरते चांगले आहे, ती मुलाशी बोलताना ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘डोन्ट टच’ एवढ्यावर येते. हीच आई मराठीत त्यास काय काय सांगू शकली असती! वरण का उतू जाते, मुंग्या ओळीने कोठे जातात, मामाच्या गावी विहीर कशी खोल आहे. मुलाची भाषा वाढते ती आज्ञांनी नव्हे, गप्पांनी. आणि गप्पा माणूस ज्या भाषेत मोकळा असतो त्याच भाषेत रंगतात. तुमच्याकडून मुलास समृद्ध मराठी मिळू द्या, शिक्षिकेकडून चांगले इंग्रजी मिळू द्या. तुमचे मोडके इंग्रजी त्यास कोठेच पोहोचविणार नाही.

ह्या फर्मानाचा पहिला बळी आजी असते. तिने ‘हा कावळा’ म्हणताच नातू ‘क्रो’ म्हणून दुरुस्ती करतो, आणि सर्वांस कौतुक वाटते. हळूहळू आजी गप्प होते. तिच्यापाशी गोष्टी होत्या, उखाणे होते, आत्या, मावशी, काकू, मामी ह्यांतील फरक होता. इंग्रजीत त्या चौघींस मिळून एकच शब्द आहे. नातवास पुढे इंग्रजी येईलच; परंतु आजीशी बोलण्याची भाषा एकदा गेली, तर ती शिकविण्याचा वर्ग कोठेही निघत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांस हे दुःख ठाऊक आहे. सुट्टीत मुले येतात, आजीच्या पाया पडतात, आणि मग दोघेही एकमेकांकडे पाहून नुसती हसतात.

‘पण मास्तर, इंग्रजीवाचून पोट कसे भरणार?’ असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. बांधकामावरील मजूरही हाच प्रश्न मराठीविषयी विचारतो: ह्या राज्यात राहावयाचे तर माझ्या मुलास मराठी यावयास नको का? यावयास हवे, उत्तम यावयास हवे. इंग्रजीही यावयास हवे. माझे म्हणणे एवढेच की नवी भाषा जुनीच्या जोडीस यावी, तिची जागा घेण्यास येऊ नये. आणि मजुराच्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. बाप आज पुण्यास आहे, उद्या सुरतेस किंवा हैदराबादेस जाईल. बालवाडीची भाषा प्रत्येक मुक्कामी बदलेल. सर्व मुक्कामांत त्याच्याबरोबर राहणारी भाषा एकच, घरची. तीही आपण दुबळी केली, तर त्याच्यापाशी तीन अर्धवट भाषा राहतील आणि विचार करावयास एकही पुरी राहणार नाही. बदलीच्या नोकरीतील अधिकाऱ्याच्या मुलासही हे लागू आहे. अंतर एवढेच की, त्याच्या घरी पुस्तके असतात.

राज्याने आपले कर्तव्य कागदावर मान्य केले आहे. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या ३५०-क ह्या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगितले, आणि वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून एकत्र धरला. हे सर्व इष्टच आहे. परंतु चार भाषांची मुले ज्या एका खोलीत बसली आहेत, तेथे कागदावरील कलम काय करणार? तेथे ताईंचे दहा शब्द, मदतनीस बाईंचे कानडी आणि शेजारच्या मुलाचा खांदा हेच कामास येतात.

म्हणून शेवटी आपणांस एक विनंती करतो. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत असे एखादे मूल असेल. त्याच्या आईस विचारा, तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणता? तो शब्द आपल्या मुलास शिकवा, आणि उद्या जिन्यात ते मूल भेटले की आपल्या मुलास तो म्हणू द्या. ते दचकेल, मग हसेल. आणि आपल्या घरी आजी असेल, तर आज रात्री नातवास तिच्यापाशी निजवा. गोष्ट मराठीत होऊ द्या. नातवाने मध्ये इंग्रजी शब्द घातला तर घालू द्या. सकाळी शिशुवर्गात तो ती गोष्ट कोणत्या भाषेत सांगावयाची ते स्वतः पाहून घेईल. सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी असले, म्हणजे झाले.